फुकट आकडे मिळतात, पण त्यात नाशिक कुठाय? केंद्राच्या मायक्रोडेटा सेवेची पारख

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत ठेकेदाराचे कामगार किती आणि परमनंट किती? सिन्नरमधला पगार महागाईला पुरतो का? कांद्याच्या निर्यातबंदीने लासलगावचा भाव नेमका किती पडला? एमबीएचा प्रोजेक्ट असो, पीएचडीचा प्रबंध असो, युनियनचं मागणीपत्र असो की उद्योजक संघटनेचं मंत्र्याला द्यायचं निवेदन, प्रश्न फिरून फिरून हेच असतात. उत्तरासाठी बहुतेक जण गुगल फॉर्म फिरवतात, ओळखीतले पन्नास जण तो भरतात आणि त्यावर पाय चार्ट निघतो. खरं तर सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर एकेका माणसाची आणि एकेका कारखान्याची ओळ, नाव-पत्ता काढून, मोफत मिळते. इथे पारख करायची आहे ती या सेवेची. सोबत नाशिककराला लागणाऱ्या आणखी चार-पाच मोफत जागा बघू.

निकाल आधीच सांगून टाकतो. प्रश्न महाराष्ट्राचा असेल तर पाचपैकी साडेचार, नाशिक जिल्ह्याचा असेल तर अडीच. अंबडच्या एका गल्लीचा असेल तर इथे येऊच नका. हा फरक का पडतो हे कळलं की सेवा वापरता येते. नाही कळलं तर आकडा निघतो, पण तो चुकीचा असतो.

नोंदणीला ईमेल लागतो, डेटा कशासाठी हवा ते लिहावं लागतं आणि मग सर्व्हे निवडून झिप उतरवायची. उतरवल्यावर हात थेट डेटाच्या फाइलकडे जातो, तो आवरा. आधी शेड्यूल, म्हणजे अन्वेषक घरी जाऊन भरतो ती प्रश्नावली वाचा. मग लेआउटची फाइल, मग कोडची यादी. जुन्या वर्षांच्या डेटात एका ओळीत नुसते आकडे सलग चिकटलेले असतात. कितव्या स्थानापासून कितव्या स्थानापर्यंत कोणता रकाना आहे ते फक्त लेआउट सांगतं. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. विश्लेषणाचं आर हे सॉफ्टवेअर मोफत आहे, स्टाटा कॉलेजात असेल तर उत्तम. एक्सेल मात्र इथे घात करतं, आणि नाशिकमध्ये तो घात कसा दिसतो ते बघण्यासारखं आहे.

उद्योगाचा कोड एनआयसी २००८, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाप्रमाणे पाच आकडी असतो. द्राक्षबागेचा कोड ०१२१०. फाइल एक्सेलमध्ये उघडली की सुरुवातीचं शून्य गळतं आणि उरतं १२१०. पुढे उद्योगगट काढायला आपण पहिले दोन आकडे घेतो, ते येतात १२. गट १२ म्हणजे तंबाखू उत्पादन. दिंडोरीचा अख्खा द्राक्ष पट्टा विडी कारखान्यात जाऊन बसतो. कांदा भाजीपाल्याच्या ०११३ मध्ये येतो, त्याचं शून्य गेलं की पहिले दोन आकडे ११, म्हणजे पेयं, ज्यात वाइनही येते. आता गंमत बघा: सिन्नर विड्यांसाठी ओळखलं जायचं आणि वाइनसाठी तर नाशिक प्रसिद्धच आहे. त्यामुळे तक्त्यात ‘तंबाखू आणि पेय उद्योगात मोठा रोजगार’ असं आलं तरी कुणाची भुवई उंचावत नाही. दुसऱ्या जिल्ह्यात ही चूक लगेच पकडली असती. उपाय साधा आहे: कोडचा प्रत्येक रकाना वाचतानाच मजकूर म्हणून वाचायचा, संख्या म्हणून नाही.

सर्वांत जास्त मागणी असते ती पीएलएफएसला, म्हणजे आवर्ती श्रमशक्ती पाहणीला. ही एप्रिल २०१७ पासून चालू आहे. २०२३-२४ च्या फेरीत सुमारे एक लाख कुटुंबं आणि चार लाख अठरा हजार माणसं आहेत. प्रत्येक माणसाच्या कामाला एक कोड असतो: स्वतःचा धंदा ११, नोकर ठेवून धंदा करणारा १२, घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार २१, पगारी नोकरी ३१, रोजंदारी ५१, काम शोधणारा ८१, शिकणारा ९१, फक्त घरकाम ९२. पगारी माणसाला लेखी करार आहे का, भरपगारी रजा आहे का, पीएफसारखी सोय आहे का, तो काम करतो तिथे किती माणसं आहेत (सहापेक्षा कमी, सहा ते नऊ, दहा ते एकोणीस, वीस आणि वर), हेही विचारलेलं असतं. पीएफचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो, त्यामुळे तो शेवटचा रकाना सोन्यासारखा आहे. वीस आणि वर माणसं, पगारी नोकरी, तरीही पीएफ नाही, अशी माणसं राज्यात किती, हे दहा ओळींच्या कोडमध्ये निघतं.

गोची भारांकात आहे. प्रत्येक ओळीला मल्टिप्लायर असतो, म्हणजे हा एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने बोलतोय तो आकडा. तो दशांशचिन्हाशिवाय लिहिलेला असतो. २०२४ पर्यंतच्या फाइलींत नियम असा: एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने सारखे असतील तर मल्टिप्लायरला १०० ने भागायचं, वेगळे असतील तर २०० ने. शिवाय वर्षाचा आकडा काढताना तिमाह्यांच्या संख्येनेही भागायचं. हा शेवटचा भागाकार विसरला तर टक्केवारी जवळपास बरी येते आणि माणसांची संख्या चौपट होते, म्हणून चूक उशिरा सापडते. दुसरी गोची शहरी भागाची. तिथे त्याच घरी पुन्हा तीनदा जायचे, त्या भेटींची फाइल वेगळी असते. वर्षाच्या आकड्यासाठी फक्त पहिल्या भेटीची फाइल घ्यायची. दोन्ही एकत्र केल्या तर शहर फुगतं.

नाशिकला हात घालण्याआधी एक परीक्षा स्वतःची घ्या. २०२३-२४ ची फाइल लावून देशाचे तीन आकडे काढा, १५ वर्षं आणि वरचे, नेहमीच्या स्थितीप्रमाणे: श्रमसहभाग ६०.१ टक्के, स्त्रियांचा ४१.७ टक्के, बेरोजगारी ३.२ टक्के. हे तिन्ही दशांशापर्यंत जुळले तर पुढे जा. स्त्रियांचा आकडा बराच खाली आला असेल तर तुम्ही फक्त मुख्य काम धरलंय, दुय्यम काम सोडलंय. नेहमीच्या स्थितीत वर्षात तीस दिवस किंवा जास्त केलेलं जोडकामही मोजतात. कांद्याच्या लागणीला आणि काढणीला जाणारी, एरवी घर सांभाळणारी बाई नेमकी त्या दुय्यम रकान्यात असते. नाशिकच्या ग्रामीण भागात तो रकाना सोडणं म्हणजे निम्मं शेत न बघता पीकपाणी सांगणं.

‘चालू साप्ताहिक स्थिती’ ही दुसरी मोजणी. सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तासही काम केलं तर तो माणूस कामावर धरला जातो. नाक्यावर सहा दिवस उभं राहून सातव्या दिवशी वाळू चढवायला गेलेला माणूस बेरोजगार नाही. यावर चिडून काही उपयोग नाही, व्याख्या आंतरराष्ट्रीय आहे. पण बातमी करताना बेरोजगारीच्या दराशेजारी त्या आठवड्यात किती दिवस आणि किती तास काम मिळालं तेही द्या. रोजच्या तासांचा रकाना त्याच फाइलीत आहे आणि तो क्वचितच कुणी उघडतं.

आता जिल्हा. महाराष्ट्राचा राज्य कोड २७, आणि २०११ च्या जनगणनेच्या क्रमाने नाशिक राज्यात विसावा, म्हणून जिल्हा कोड २० (जनगणनेतला देशपातळीवरचा कोड ५१६). प्रत्येक फेरीची कोडयादी बघून खात्री करा, कारण पालघर वेगळा झाल्यापासून यादीची शेपटी बदलली. गाळणी लावली की नाशिकच्या ओळी हातात येतात आणि मोह होतो: ‘नाशिकची बेरोजगारी अमुक टक्के.’ थांबा. समजा जिल्ह्यातली श्रमशक्तीतली ८०० माणसं नमुन्यात आली आणि दर निघाला ५ टक्के. साध्या सूत्राने प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा किती मागेपुढे असू शकतो त्याचं माप, ०.७७ टक्का. पण नमुना गावागावांच्या पुंजक्यांतून घेतलेला असतो, एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून विचरण (त्या त्रुटीचा वर्ग) दुप्पट धरलं तर त्रुटी १.०९. म्हणजे ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं ते इतकंच की दर ३ ते ७ यांच्या मध्ये कुठेतरी आहे. गेल्या वर्षी ४ होता, यंदा ५ झाला, ‘बेरोजगारी वाढली’ असा मथळा या आकड्यावर देणं फसवणूक आहे, नकळत केलेली असली तरी.

यावर दोन वाटा. एक, तीन वर्षांच्या फाइली जोडून भारांकाला तीनने भागणं. त्रुटी कमी होते, पण मग एखाद्या वर्षी आलेल्या धोरणाचा परिणाम त्यात विरघळून जातो. दुसरी, जिल्ह्याऐवजी पाहणीचा ‘प्रदेश’ घेणं. नाशिक ‘अंतर्गत उत्तर’ प्रदेशात येतो: नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव. हा आणि महसुली नाशिक विभाग एक नव्हे. विभागात अहिल्यानगर आहे, या प्रदेशात नाही. ते पुणे-सातारा-कोल्हापूरवाल्या ‘अंतर्गत पश्चिम’मध्ये आहे. विभागीय आयुक्तालयाच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवून तुलना करणारे तक्ते सर्रास दिसतात, आणि अख्खा साखरेचा एक जिल्हा मधल्यामध्ये गायब असतो.

जानेवारी २०२५ पासून पाहणीची घडीच बदलली आणि बदल आपल्या फायद्याचा आहे. आता जिल्हा हाच नमुना निवडीचा मूळ स्तर धरला जातो, नमुन्यातली कुटुंबं २ लाख ७२ हजारांवर नेली, ग्रामीण भागातही त्याच घरी चार महिने ओळीने जातात आणि दर महिन्याला आकडे येतात. एप्रिल २०२५ चा पहिला मासिक दर ५.१ टक्के होता, तो साप्ताहिक स्थितीचा. त्याची तुलना आधीच्या वार्षिक ३.२ शी करून ‘बेरोजगारी उसळली’ म्हणणाऱ्यांनी दोन वेगळ्या मापांचं दूध एकाच मापट्यात ओतलं. २०२५ आधीची आणि नंतरची मालिका जोडताना मध्ये रेघ मारा.

एक माणूस मात्र दोन्ही घड्यांतून निसटतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरहून छाटणीला आणि थिनिंगला निफाड-दिंडोरीच्या बागांवर येणारा मजूर. घर मागे असेल तर तो तिकडच्या कुटुंबात मोजला जातो, काम इकडचं. अख्खं कुटुंबच बागेवर उतरलं असेल तर गावातल्या दाराला कुलूप. द्राक्ष शेतीतल्या मजुरीवर लिहायचं असेल तर तालुका बघून निष्कर्ष काढू नका.

कारखान्यांसाठी एएसआय, उद्योगांची वार्षिक पाहणी. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८ खाली नोंदलेले, वीज वापरून दहा किंवा विजेशिवाय वीस कामगार असलेले कारखाने आणि विडी-सिगारचे कारखाने यात येतात. मोठे कारखाने दर वर्षी, छोटे नमुन्याने. २०२३-२४ ला देशात या कारखान्यांत १ कोटी ९५ लाख माणसं होती. मालमत्ता, कर्ज, कच्चा माल, उत्पादन, सगळं ब्लॉकवार असतं, आणि ही फाइल पोर्टलवरची सर्वांत चांगली वस्तू आहे, यात दुमत नसावं. कामगारांचा ब्लॉक ई: थेट नेमलेले पुरुष, थेट नेमलेल्या स्त्रिया, ठेकेदारामार्फत आलेले, सुपरवायझर-मॅनेजर, बाकीचे, प्रत्येकाचे मनुष्यदिवस आणि वेतन. ठेकेदाराच्या माणसाला दिवसाला किती आणि थेट नेमलेल्याला किती, हा सातपूरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवरचा वाद इथे राज्यापुरता, उद्योगवार सुटतो. वेतनाला मनुष्यदिवसांनी भागा, झालं. बोनस आणि पीएफचा मालकाचा वाटा वेगळ्या ओळीत असतो, तो सोडला तर फरक कमी दिसतो.

‘सरासरी कामगार’ या रकान्याने अनेक प्रबंध बुडवलेत. तो काढायची रीत: एकूण मनुष्यदिवस भागिले कारखाना जितके दिवस चालला तितके दिवस. साखर कारखाना ४०० माणसांनी १३० दिवस गाळप करतो, मनुष्यदिवस ५२,०००, सरासरी ४००. इंजिनीअरिंगचा कारखाना ४०० माणसांनी ३०० दिवस चालतो, मनुष्यदिवस १,२०,०००, सरासरी तीच ४००. दरडोई उत्पादन काढताना ४०० ने भागलं की साखर कामगार निम्म्याहून कमी उत्पादक दिसू लागतो, बिचाऱ्याने वर्षातले सव्वाचार महिनेच काम केलेलं असताना. कांदा सुकवणारे, वाइनरी, बेदाणा, जिथे हंगाम आहे तिथे मनुष्यदिवसच धरा. नाशिकच्या उद्योगात इंजिनीअरिंग आणि हंगामी शेतमाल शेजारी शेजारी नांदतात, म्हणून ही चूक इथे जास्त महागात पडते.

आणखी एक. एएसआयची ओळ म्हणजे नेहमीच एक कारखाना नसते. एकाच मालकीचे, एकाच राज्यातले, एकाच उद्योगगटातले कारखाने एकत्र विवरण भरू शकतात. सातपूरचा एक आणि चाकणचा एक प्लांट एकाच ओळीत असू शकतो. युनिटची संख्या सांगणारा रकाना एकपेक्षा मोठा असेल त्या ओळी बाजूला काढून बघा. बंद युनिटही यादीत राहतात, स्थितीचा कोड लावून गाळा.

आणि जिल्हा? अलीकडच्या फाइलींत तो नाही. कारखाना ओळखू येऊ नये म्हणून काढला आहे, आणि कारण पटण्यासारखं आहे: विमान बनवणारा नाशिक जिल्ह्यातला कारखाना कोणता, हे सांगायला संशोधक लागत नाही, ओझर एवढं म्हटलं की पुरे. पण किंमत आपण मोजतो. एएसआयमध्ये महाराष्ट्राचा विद्युत उपकरण उद्योग दिसतो, नाशिकचा दिसत नाही. साडेचारचे अडीच होतात ते इथेच.

दहाच्या खालचं जग असुसेमध्ये, म्हणजे कंपनी म्हणून नोंद नसलेल्या असंघटित उद्यमांच्या वार्षिक पाहणीत. ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ च्या फेरीत देशात ७ कोटी ३४ लाख उद्यम आणि १२ कोटी ६ लाख माणसं. मालेगावचे यंत्रमाग, येवल्याचे पैठणी विणकर इथे शोधायचे. पण एक खाच दोन्ही पाहण्यांच्या मध्ये आहे: आठ माणसांचा गाळा, पण नोंदणी प्रायव्हेट लिमिटेड. दहापेक्षा कमी म्हणून एएसआय घेत नाही, कंपनी म्हणून असुसे घेत नाही. जॉबवर्कवर चालणाऱ्या अंबडमध्ये असे गाळे बरेच, आणि मोठ्या कंपन्या व्हेंडरकडून कागदपत्रं मागू लागल्या की असे आणखी वाढतात. धंदा तोच, माणसं तीच, नुसती पाटी बदलली आणि आकड्यातून नाहीसा.

ईपीएफओची, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेची मासिक पेरोल आकडेवारी नोकऱ्यांची म्हणून छापली जाते, ती सदस्यांची आहे. कारखाना १९ चा २० झाला की कागदावर वीस ‘नवे’ येतात, खरी भरती एक. शिवाय ठेकेदाराची माणसं ‘एक्स्पर्ट सर्व्हिसेस’ या भारदस्त नावाखाली जातात, त्यात मनुष्यबळ पुरवठादार आणि सिक्युरिटीवाले असतात. अंबडच्या प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून उभा असलेला पोरगा सरकारी तक्त्यात सेवाक्षेत्रातला तज्ज्ञ आहे. छोट्या उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचे जिल्हावार आकडे सहज मिळतात, पण नोंदणी फुकट आहे, बंद पडलेला धंदा नाव काढायला जात नाही आणि जुलै २०२१ पासून दुकानदारही त्यात आले. वाढीचा आलेख म्हणून वापरू नका.

नाशिकला खरी लॉटरी लागली आहे ती दुसरीकडे. श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक देशातल्या ८८ केंद्रांसाठी वेगवेगळा काढतो आणि त्यात नाशिक आहे, दर महिन्याला. पगार करारात ‘महागाई इतकी वाढली’ म्हणताना देशाचा आकडा लावायची गरजच नाही, आपल्या बाजारातल्या भावांवर बेतलेला निर्देशांक हाताशी आहे. २०१६ = १०० ही मालिका सप्टेंबर २०२० पासून. त्याआधीची २००१ = १००. जोडताना देशाचा २.८८ हा दुवा (जुनी मालिका नव्या मापात आणणारा भाजक) नाशिकला लावू नका, प्रत्येक केंद्राचा दुवा वेगळा दिलेला आहे. रीत सरळ: जुना निर्देशांक भागिले नाशिकचा दुवा, मग दोन्ही काळ एकाच मापात. कराराची दोन्ही टोकं एकाच महिन्याची घ्या, मार्च ते मार्च. कांदा-टोमॅटोच्या भावाने नोव्हेंबर आणि मार्च यांत फरक पडतो आणि समोरचा व्यवस्थापक तेवढ्यावर तुमचा सगळा हिशेब उडवतो.

मराठीत वाचायचं असेल तर राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ घ्या. पंधराही तालुक्यांचे तक्ते, रूक्ष पण उपयोगी. गावपातळीचं काम असेल तर श्रग नावाचा मोफत संच आहे. त्यात १९९०, १९९८, २००५ आणि २०१३ च्या आर्थिक गणना गाव आणि शहर यांना एकच कायम कोड देऊन जोडल्या आहेत. गोंदे, वाडीवऱ्हे, मुसळगाव यांच्यात वीसेक वर्षांत बिगरशेती रोजगार कसा सरकला ते इथेच दिसतं. २०१३ नंतर मात्र अंधार, कारण सातव्या गणनेचे निकाल आलेच नाहीत. पत्त्यांवरून गाव जुळवताना सांभाळा: सिन्नरची एमआयडीसी माळेगावला आहे, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये माळेगाव आणि मालेगाव एकच. संगणकाने जुळवलं की सिन्नरचे पत्रा-प्लास्टिकवाले थेट यंत्रमागांच्या शहरात. पिनकोड लावून जुळवा. नाशिकचं जुन्या फाइलींतलं स्पेलिंगही वेगळं असतं, एक अक्षर कमी, म्हणून नावाने नाही, कोडने शोधा.

धोरणाचा परिणाम मोजायला नाशिककराच्या हाताशी एक देशात हेवा वाटावा असा प्रयोग आहे, तो म्हणजे कांदा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क, १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० वर आलं, १ एप्रिल २०२५ ला शुल्क शून्य. तारखा ठरलेल्या, भाव रोजचे, केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेट या संकेतस्थळावर बाजारसमितीवार. सर्वसाधारण भाव घ्या, कमाल नको. आवक टनात, भाव क्विंटलला, हे लक्षात ठेवा. लाल आणि उन्हाळ वेगळे ठेवा, नाहीतर डिसेंबरला लाल कांद्याची आवक वाढून पडलेला भाव बंदीच्या खात्यात जातो. मागच्या वर्षांचा त्याच आठवड्यांचा उतार वजा केल्याशिवाय ‘बंदीने इतके रुपये पाडले’ म्हणू नका. आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांच्या बंदने लिलाव थांबले होते. ते दिवस रिकामे आहेत, शून्य भावाचे नाहीत.

यातलं काहीच पुरत नसेल, म्हणजे प्रश्न खरंच अंबडच्या गल्लीचा असेल, तर स्वतःची पाहणी करा, पण छोटी आणि नीट. तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड गिरण्यांवरचा व्यवस्थापनाचा गाजलेला प्रयोग १७ कंपन्या आणि २८ प्लांट एवढ्यावरच उभा होता. कुणाला सल्लागार द्यायचा ते चिठ्ठीने ठरवलं आणि पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढलेली मोजता आली. चिठ्ठी शक्य नसेल तरी यादी आधी, नमुना नंतर, हा क्रम मोडू नका: प्लॉट क्रमांकांची यादी घ्या, दर दहावा गाळा निवडा, बंद दिसला तर ‘बंद’ लिहा, शेजारचा घेऊ नका. प्रश्न पीएलएफएसचेच मराठीत करून विचारा, कोड तेच ठेवा, म्हणजे तुमचे साठ गाळे राज्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतील. ‘कंत्राटी आहात का’ असं विचारू नका, निम्मे जण नाही म्हणतात. ‘पगार कुणाच्या खात्यातून येतो, कंपनीच्या की ठेकेदाराच्या’ असं विचारा. आणि शिफ्ट सुटताना गेटवर नको, सुपरवायझर मागे उभा असतो. सुट्टीच्या दिवशी घरी जा.